राक्षसाला वाघाचं तोंड कोणी दिलं?

इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला, तेव्हा किल्ल्याच्या अंधारकोठडीतले उंदीर पाहून थक्क झाला. हे उंदीर मांजरांहून मोठे आणि मांजरांनाच पळवून लावणारे, असं त्याने प्रवासवर्णनात नोंदवलं आहे. तिथल्या ‘उंदरांच्या खड्ड्यात’ कैद भोगून सुटलेल्या मलिक खत्ताब या अफगाण सरदाराची हकिगतही त्याने दिली आहे. रात्र झाली की उंदीर झुंडीने अंगावर यायचे आणि हा त्यांच्याशी झुंजत राहायचा. पुढे १९९८ साली कॅनडातल्या बायोवेअरने ‘बाल्डर्स गेट’ नावाचा गेम काढला. त्यातल्या नायकाला गावाची वेस ओलांडण्याआधी जी किरकोळ कामं मिळतात, त्यांतलं एक आहे कोठारातले उंदीर मारण्याचं. ड्रॅगन, जादूगार, देवांचे वंशज वगैरे मंडळी पुढे येतात. आधी उंदीर. फँटसी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) या प्रकाराची ही इतकी जुनी रीत आहे, की खेळणारे स्वतःच तिची टिंगल करतात.

दौलताबादचा किल्ला छत्रपती संभाजीनगरजवळच आहे. त्याच शहरात हे गेम ‘विलायती खूळ’ ठरतात. आक्षेप साधारण असा असतो: पोरं ड्रॅगनच्या नादी लागली, वाचन सुटलं, वेळेचा चुराडा होतो, शिवाय यातलं काहीच आपल्या मातीतलं नाही. पालकांच्या बैठकीत हेच बोललं जातं, व्याख्यानमालेत हेच, आणि जेवायला हाक मारूनही न उठणाऱ्या मुलाला तर ताटावर बसल्याबसल्या हेच ऐकावं लागतं. न उठण्याबद्दलचा राग रास्त आहे. बाकीचा आक्षेप मात्र न खेळता केलेला आहे, आणि तो तसाच सोडून देण्यात अर्थ नाही.

या आक्षेपातला पहिला घोटाळा म्हणजे सगळे गेम एकाच पोत्यात भरणं. २०२५च्या जुलैत विधिमंडळात मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसल्याच्या चित्रफितीवरून राज्यभर गदारोळ झाला. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व इतर गेमांना त्यातून वेगळं काढलं. म्हणजे जो फरक दिल्लीतल्या खासदारांना कळला, तो घराघरांत अजून पोचलेला नाही. रमीचं ॲप, पबजीसारखा न संपणारा नेमबाजीचा खेळ आणि ‘बाल्डर्स गेट’ यांत साम्य इतकंच, की तिन्ही पडद्यावर दिसतात. पंचांग आणि पोथी दोन्ही कागदावर छापलेली असतात म्हणून कोणी त्यांना एकच पुस्तक म्हणत नाही.

जुना आरपीजी संपतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्याला आरंभ आहे, मध्य आहे, शेवट आहे. एकदा विकला गेला की रोज परत बोलावण्यासाठी बक्षिसाची गाजरं तो दाखवत नाही, नाणी विकत नाही, मित्रांना आमंत्रणं धाडायला लावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ज्याला ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हटलं, तो विकार २०२२पासून लागू झालेल्या वर्गीकरणात आहे, हे खरं. त्याच्या खुणाही दिल्या आहेत: खेळावरचा ताबा सुटणं, इतर सगळ्या गोष्टी मागे पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालू असणं. खेळणाऱ्यांपैकी थोड्याच लोकांना हा विकार होतो, हेही संघटनेनेच स्पष्ट केलं आहे. ज्या घरात तो असेल त्या घराने डॉक्टर गाठावा. पण परीक्षा संपल्यावर महिनाभर एक जुना गेम शेवटापर्यंत नेणाऱ्या मुलीवर हे निदान चिकटवू नये. एखाद्या मोठ्या आरपीजीला साठ-सत्तर तास लागतात, हे ऐकून कपाळाला हात लावणाऱ्या घरांत रोज रात्री जी मालिका चालते, ती किती वर्षं चालू आहे याचा हिशेबही कधीतरी मांडावा.

वाचन सुटल्याची तक्रार तर या गेमांबाबत थेट उलटी आहे. १९९९चा ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ घ्या. त्याच्या संहितेत सुमारे आठ लाख शब्द आहेत असं सांगितलं जातं, आणि त्यातला फारच थोडा भाग बोलून दाखवलेला आहे, बाकी सगळं वाचावं लागतं. नायक शवागारातल्या ओट्यावर जागा होतो. त्याला मरण येत नाही, आपलं नाव आठवत नाही, आणि पाठीवर गोंदलेल्या सूचना त्याला एक तरंगती कवटी वाचून दाखवते. हळूहळू कळत जातं, की आपण असे अनेकदा जागे झालो आहोत आणि प्रत्येक वेळी वेगळा माणूस होतो. त्यांतल्या एकाने आपल्यावर प्रेम करणाऱ्या बाईला फसवून मरणाच्या दारात नेलं. तिचं भूत आता भेटतं आणि या बिचाऱ्याला ती आठवतही नाही. आधीच्या आयुष्यांत केलेलं पुढच्यात फेडावं लागतं, ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. या गेममध्ये तलवारीपेक्षा शहाणपणाचे गुण वाढवणारा खेळाडू जास्त पुढे जातो, बऱ्याच लढाया बोलून टाळता येतात, आणि जो संवाद घाईघाईने पुढे ढकलतो त्याच्या हाती अर्धीच गोष्ट लागते. याला वाचन म्हणायचं नसेल, तर औरंगपुऱ्यातल्या दुकानांत ज्यांचे गठ्ठे हातोहात खपतात त्या स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नसंचांना तरी काय म्हणायचं?

याहून जुनं उदाहरण आहे रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा ४’चं. १९८५ साली आलेल्या या गेममध्ये शेवटी मारायला कोणी महाखलनायक नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, आध्यात्मिकता आणि नम्रता असे आठ गुण अंगी बाणवून खेळाडूने ‘अवतार’ व्हायचं, एवढंच उद्दिष्ट. मंत्रांसाठी लागणाऱ्या मुळ्या-पाले विकणारे दुकानदार आंधळे आहेत. पैसे किती ठेवायचे ते खेळाडूने ठरवायचं. कमी ठेवले तरी माल मिळतो, कोणी ओरडत नाही, पोलीस येत नाही. गेम मात्र मुकाट्याने प्रामाणिकपणाचा गुण कापतो, आणि पुढे बऱ्याच अंतरावर वाट अडते तेव्हा खेळाडूला आपली चोरी आठवते. मूल्यशिक्षणाच्या तासाला फळ्यावर सुविचार लिहून हे साधत नाही, कारण सुविचाराला मोह दाखवता येत नाही.

अद्भुताला बिघडवणारी गोष्ट मानण्याची सवय मराठीत नवी नाही. का. बा. मराठे यांनी १८७२मध्ये ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहिला. त्यांच्या टीकेचा रोख ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांकडे होता. आज त्याच कादंबऱ्या विद्यापीठांत मराठी कादंबरीच्या इतिहासाचा आरंभ म्हणून शिकवल्या जातात. अमेरिकेतही कागद-पेन्सिल आणि फाशांनी खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’वर ऐंशीच्या दशकात सैतानपूजेचा आरोप झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये प्रसिद्ध केलेला हाच खेळ सगळ्या आरपीजींचा मूळपुरुष. आरोप करणारे थकले, खेळ चालू आहे.

राहिला ‘आपल्या मातीतलं नाही’ हा मुद्दा. संभाजीनगरात उभं राहून हे म्हणायला एक खास प्रकारचा विसर लागतो.

शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर पैठण आहे, म्हणजे जुनं प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. परंपरा सांगते, की तिथल्या दरबारातला पंडित गुणाढ्य याने पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती झिडकारली: भाषा पिशाचांची, लिखाण रक्ताचं, दरबाराला हे शोभणार नाही. अपमानित गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटवला आणि एकेक पान प्राण्यांना वाचून दाखवत आगीत टाकलं. प्राणी चरणं विसरून ऐकत बसले आणि सुकत गेले. मुदपाकखान्यात येणारं मांस नीरस झालं, ते खाऊन राजा आजारी पडला, चौकशी झाली, आणि राजा धावत डोंगरावर पोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एका लाखाची कथा पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त सांगितली.

आख्यायिकाच ती, पण तिच्यात आजचा आक्षेप जसाच्या तसा आहे. अद्भुत कथा, ती हलक्या भाषेतली, आणि प्रतिष्ठितांना तिचा विटाळ.

त्या उरलेल्या ग्रंथात काय आहे ते पाहा. पुत्रक नावाच्या राजाला वाटेत दोन असुरपुत्र भांडताना दिसतात. भांडण तीन वस्तूंवरून चाललेलं असतं: आकाशात उडवणाऱ्या पादुका, जिने काढलेलं खरं होतं अशी काठी, आणि हवं ते अन्न देणारं भांडं. पुत्रक त्यांना शर्यत लावायला सांगतो आणि ते धावत सुटताच वस्तू घेऊन पसार होतो. कुठल्याही आरपीजी खेळणाऱ्याला हा प्रसंग ऐकवा, तो आधी विचारील की लढाई न करता बोलण्यातून माल कसा मिळवला. त्याच ग्रंथात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. राजाच्या खांद्यावर प्रेत, त्यातला वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोकं फुटणार, आणि बोलला तर वेताळ परत झाडावर. ऐकणाऱ्याला निवड करायला भाग पाडायचं आणि त्या निवडीची किंमत वसूल करायची, ही रचना संगणकाच्या कितीतरी शतकं आधी इथे बांधून झालेली होती. राजा फेऱ्या मारत राहिला म्हणूनच त्याला प्रेत आणायला पाठवणाऱ्या भिक्षूचा कट कळला. पाचव्या फेरीला कंटाळून घरी गेला असता तर काहीच कळलं नसतं. ‘शेवट यूट्यूबवर पाहिला की झालं’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. ‘टॉर्मेंट’चा शेवट नुसता पाहिला तर दोन माणसं बोलताना दिसतात. आपल्या आधीच्या निवडींची बिलं चुकवत तिथवर आलेल्यालाच ते बोलणं लागतं.

आज आक्षेप घेणाऱ्यांपैकी कित्येकांनी लहानपणी ‘चांदोबा’तला वेताळ वाचला आहे. मराठी ‘चांदोबा’ १९५२पासून निघत होता आणि त्यातला झाडावर लटकणारा वेताळ मराठवाड्यातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर अजून आहे. त्यांच्या आईवडिलांनी ते मासिक अभ्यासाच्या पुस्तकाखाली लपवलेलं पकडलं असेल. तेव्हाचा वेताळ संस्कार आणि आताचा सांगाडा विकृती, हा न्याय कुठला?

शहराच्या उर्दू वारशाकडे वळलं तरी हेच सापडतं. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार अनेक वर्षं औरंगाबादहून चालवला, आणि मुल्ला वजहीचं १६३५चं दखनी गद्य ‘सबरस’ संपादित करून छापलं. त्याचं कथानक असं: अक्ल राजाचा मुलगा दिल, त्याला हवं आहे आब-ए-हयात, आणि शोधायला निघतो नजर नावाचा हेर. वाटेत शहरं, किल्ले, पहारेकरी. रूपकाचं कातडं काढलं की खाली मोहिमेचा नकाशाच दिसतो.

म्हणून गायगॅक्सने सोमदेव वाचला होता असा दावा करायचं कारण नाही. तो वाचल्याची खूण कुठे सापडत नाही, आणि त्याचा परिणामही दिसतो. १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षस आहे. वाघाच्या तोंडाचा, उंची झगा घातलेला, पाइप ओढणारा. राक्षसाची मूळ कल्पना गायगॅक्सने १९७४च्या ‘कोलचॅक’ या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या एका भागावरून घेतली होती. तिथून तो राक्षस संगणकावर आला, २०००च्या ‘बाल्डर्स गेट २’मध्ये खेळाडूशी लढला, आणि आज जगभरच्या लाखो मुलांना राक्षस म्हटलं की वाघाचं डोकं आठवतं. आपल्याकडच्या कोणालाही यात विचारलं गेलं नाही, ही तक्रार बरोबर आहे. पण विचारणार कोणाला? जे खेळ आपण तुच्छतेने बाजूला ठेवले, त्यांत आपले राक्षस दुसऱ्यांनीच रंगवले. बहिष्काराने राक्षसाचं तोंड बदलत नाही.

इथे दुसरा, जास्त हुशार प्रतिपक्ष उभा राहतो. त्याचं म्हणणं: परके जुने गेम खेळत बसण्यापेक्षा आपले करा. उत्तम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये ‘राजी’ केला, हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीचा. देखणा गेम आहे आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण तो धावण्या-उडण्याचा आणि लढण्याचा गेम आहे, संवादातून निवड करायला लावणारा आरपीजी नव्हे. आरपीजीला लागतात लेखक, आणि असे लेखक ज्यांनी हे गेम शेवटापर्यंत खेळून त्यांची हाडं मोजली आहेत.

याचा पुरावा पोलंडने दिला आहे. १९९४मध्ये दोन मित्रांनी तिथे सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. धंदा परदेशी गेमांच्या सीडी विकण्याचा, आणि बाजार चोरट्या प्रतींनी भरलेला. त्यांनी १९९९मध्ये ‘बाल्डर्स गेट’ संपूर्ण पोलिश भाषेत आणला. पिओत्र फ्रोन्चेव्स्कीसारख्या नामवंत नटाचा आवाज घेतला, पाच सीडींच्या जाड खोक्यात नकाशा आणि पुस्तक घातलं. चोरीची प्रत घेणारा गिऱ्हाईक दुकानात येऊ लागला. पुढे त्याच मालिकेतला एक गेम संगणकावर आणण्याचं काम हाती आलं आणि बारगळलं, तेव्हा त्यांनी स्वतःचाच गेम करायला घेतला. बायोवेअरचंच इंजिन वापरून, आंद्झेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवर बेतलेला ‘द विचर’ २००७मध्ये आला. २०११ साली पोलंडच्या पंतप्रधानांनी ओबामांना दिलेल्या भेटींमध्ये ‘द विचर २’ होता. आधी दुसऱ्याचा अभिजात गेम आपल्या भाषेत, मग आपल्या लेखकाचा गेम जगाच्या भाषांत, असा हा क्रम आहे. ‘आपले करा’ म्हणणारे यातली पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारायला सांगतात.

या गेमांत खोट नाही असं नाही. जन्मतः दुष्ट असलेल्या जमाती ही त्यांतली सर्वांत वाईट कल्पना. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या वाचकाला ती लगेच खुपते, आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या कर्त्यांनाही ‘वंश’ हा शब्द टाकून द्यायला २०२४ उजाडावं लागलं. कित्येक गेमांतल्या बायका युद्धाला निघाल्यात की नाचाला, ते कळत नाही. १९८१च्या ‘विझर्ड्री’ची कठीणता तर आज शिक्षाच वाटते. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने नकाशा काढत बसायचं, आणि एक पाऊल चुकलं की सगळी तुकडी गारद. (भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यात जे हे गेम खेळले, त्यांना वेळेवर ‘सेव्ह’ करणं शिकवावं लागलं नाही.) पण सर्वांत मोठी अडचण या कशाची नाही, इंग्रजीची आहे. ‘टॉर्मेंट’ची भाषा इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही जड जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या, गोष्टींची भूक असलेल्या मुलाला तो दरवाजा बंदच असतो, आणि मग त्याच्या हाती उरतात ते न वाचता खेळता येणारे गेम, म्हणजे ज्यांच्याबद्दल खरी ओरड आहे तेच. आक्षेप घेणाऱ्यांनी हा उलटा परिणाम कधी मोजलाच नाही.

पैशाची सबबही फार टिकत नाही. सीडी प्रोजेक्टनेच २००८मध्ये जुने गेम विकण्यासाठी जीओजी हे ऑनलाइन दुकान काढलं. तिथे ‘अल्टिमा ४’ फुकट मिळतो. ‘बाल्डर्स गेट’ची सुधारित आवृत्ती अँड्रॉइड फोनवरही चालते. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा मुक्त-स्रोत फँटसी गेम तर स्वयंसेवकांनीच अनेक भाषांत नेला आहे. त्यातली वाक्यं भाषांतरासाठी कोणालाही खुली आहेत आणि परवानगीसाठी कोणाच्या दारात उभं राहायला लागत नाही.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठीचं धोरण मंजूर केलं आहे. त्यातल्या पैशाचा काही भाग मराठी भाषांतरांना मिळावा, अशी मागणी करायला मराठवाड्याइतका हक्काचा प्रदेश नाही. मराठवाडा साहित्य परिषदेचं मुख्यालय याच शहरात आहे आणि तिच्या नियतकालिकाचं नाव ‘प्रतिष्ठान’ आहे. विद्यापीठात मराठी विभाग आहे, संगणकशास्त्राचा विभाग आहे. या मंडळींनी एकत्र बसून एक गेम निवडावा, तो आधी शेवटापर्यंत खेळावा, आणि मग मराठीत आणावा. ज्यांना हे गेम तरीही वाईटच वाटतात, त्यांनी निदान ‘अल्टिमा ४’ उतरवून घ्यावा आणि त्या आंधळ्या दुकानदारापुढे किती नाणी ठेवली ते पुढच्या व्याख्यानात सांगावं.